दुकानातला लाल फ्रिज

"काहीतरी मेलंय," विनिता ओढणी नाकाशी धरून म्हणाली. "उंदीर नाहीतर घूस. आधी शटर पूर्ण वर करा भाऊ, मग बोला."

जीवनभाऊंनी शटर वर ढकललं. सोमवारच्या सुट्टीत आत कोंडलेली हवा दोघांच्या अंगावर आली आणि दोघंही दोन पावलं मागे रस्त्यावर सरकली. समोरचा चहावाला हसला.

मग शोधाशोध सुरू झाली. वॉशिंग मशीनच्या मागे, टीव्हीच्या स्टँडखाली, गाद्यांच्या थप्पीत. जीवनभाऊ गुडघ्यावर वाकून झाडूच्या दांड्याने कोपरे चाचपत होते. विनिता गल्ल्याच्या स्टुलावर चढून बसली होती आणि तिथून सूचना देत होती.

"तिथे नाही. पुढे. काचेजवळ जास्त येतोय."

काचेजवळ लाल फ्रिज उभा होता. दोन दारांचा, डाळिंबाच्या रंगाचा, उरणच्या बाजारात फिरणाऱ्या माणसाला रस्त्यावरूनच दिसावा म्हणून मुद्दाम पुढे ठेवलेला. दुकानातल्या सगळ्या मालात परेशशेठचा लाडका. फ्रिजला वीज जोडलेली नव्हती, पण दार उघडलं की आत उजेड पडावा म्हणून शेठनी स्वतः आत बॅटरीवर चालणारा छोटा दिवा बसवून घेतला होता. "अंधारात कोणाला काय आवडणार?" ते म्हणायचे.

शेठ आले ते हातात पेटवलेली उदबत्ती घेऊनच. देवाच्या फोटोपर्यंत पोचायच्या आत थांबले, वास घेत घेत फ्रिजपाशी गेले आणि त्यांनी दार उघडलं. दिवा लागला. खालचा भाजीचा ट्रे त्यांनी बाहेर ओढला आणि तसाच सोडून दिला.

"आ शुं छे?"

"बोंबील," विनिता लांबूनच म्हणाली. "होते कधीतरी."

प्लॅस्टिकच्या पिशवीतून पाणी गळून ट्रेभर पसरलं होतं. जीवनभाऊंनी पिशवीकडे एकदाच बघितलं आणि नजर खाली घातली. पिशवी कोणाची हे त्यांना ओळखावं लागलं नाही.

जीवनभाऊ घरत या दुकानात लागले तेव्हा त्यांचे केस काळे होते. वडील मिठागरावर होते, घरात सगळे खारवट हातांचे. जीवनभाऊंना मात्र मऊ, गुळगुळीत वस्तूंमध्ये आयुष्य काढायला मिळालं. मालाची महती गाताना त्यांची जीभ अडखळायची. पण गिऱ्हाइकांना ते आवडायचे, आणि त्याचं कारण बहुधा त्यांची एक सवय होती. कोणी वस्तूला हात लावला की जीवनभाऊ पाठ फिरवायचे.

लोक काय काय करायचे! मिक्सरची बटणं गरागरा फिरवायचे, टीव्हीच्या पडद्यावर बोट टेकवून "हा किती इंचाचा" म्हणायचे, चपलांसकट गादीवर आडवे व्हायचे. कोणी शेगडीचा खटका उपटून खिशात घातला होता. लग्नाच्या हंगामात तर गावंच्या गावं टेम्पोतून उतरायची आणि नवरीच्या कपाटाचं दार प्रत्येक मावशी एकदा उघडून, एकदा आपटून बघायची. मागच्याच आठवड्यात एका पोराला त्याच्या आईने वॉशिंग मशीनच्या टबात बसवून फोटो काढला आणि टब एका बाजूला कलला. तेव्हाही जीवनभाऊ पंखे पुसत होते, भिंतीकडे तोंड करून.

शेठ त्या दिवशी फार चिडले होते. "जीवनभाई, तुम्हाला नको म्हणता येत नाही का? आता एक जरी पीस खराब झाला ना, तर तुम्ही गोडाऊन सांभाळा. इथे मी दुसरा माणूस ठेवतो."

गोडाऊन मागच्या गल्लीत होतं. एक दार, एक बल्ब आणि छतापर्यंत खोकी. बायको, कमळ, गेल्यापासून जीवनभाऊंच्या घरात भांड्याचाही आवाज होत नसे. दिवसभर माणसं बघायची, त्यांची कटकट ऐकायची, ती शिदोरी घेऊन रात्री घरी जायचं, असं त्यांचं चाललं होतं. गोडाऊनमध्ये ती मिळणार नव्हती. तरीही कोणाला हात लावू नको म्हणणं त्यांना जमेना.

कारण हात लावणाऱ्यांतले निम्मे लोक घेणारे नसतात हे त्यांना कळायचं. त्यांना फक्त हात लावायचा असतो. अशा वेळी कोणी टक लावून बघत राहिलं की तो हात चोरासारखा मागे जातो. कमळचा जायचा. ती संध्याकाळी डबा न्यायला यायची आणि फ्रिजचं दार हळूच उघडून मिटायची. दार मिटताना जो मऊ आवाज होतो ना, तो तिला आवडायचा. शेठ समोर असले की ती लाजायची, म्हणून जीवनभाऊ तिच्याकडे पाठ करून उभे राहायचे. पुढे ते सगळ्यांसाठीच तसं करू लागले.

रविवारी दुपारी करंज्याची नीराबाई आली होती. बाजारात मासळी विकून झाली की ती अधूनमधून यायची. टोपली बाहेर ठेवायची, चहावाल्याच्या नळावर हात घासून धुवायची, मग आत येऊन लाल फ्रिजचं दार उघडून आतल्या कप्प्यांवर बोटं फिरवायची. परवा ती घाईत होती, धापा टाकत होती. जीवनभाऊंनी नेहमीप्रमाणे पाठ फिरवली. दार मिटल्याचा आवाज आला, पावलं बाहेर गेली. एवढंच.

"रविवारी कोण कोण आलं होतं?" शेठ विचारत होते. "कॅमेरा गल्ल्यावर आहे, इकडचं काही दिसणार नाही. विनिताबेन, ती टोपलीवाली आली होती ना? ती म्हातारी?"

"मी जेवायला गेले होते," विनिता म्हणाली. "पण ती येते खरी."

"तीच! दुसरं कोण बोंबील घेऊन फिरणार? फुकटचा फ्रिज समजली की काय? चला, आत्ता बाजारात जातो. चार लोकांसमोर तिच्या पाटावर ही पिशवी ठेवतो आणि विचारतो."

शेठनी पिशवी उचलायला कागद शोधला. ते खरोखरच निघाले होते. मासळी बाजारात बायकांच्या रांगेत नीराबाई बसलेली असेल, तिच्यासमोर ही पिशवी आदळेल, आणि मग ती कुठल्याच दुकानाची पायरी चढणार नाही, हे जीवनभाऊंना एका क्षणात दिसलं.

"शेठ, माझे आहेत," ते म्हणाले.

"काय?"

"बोंबील. मी ठेवले होते. विसरलो."

शेठ त्यांच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे बघत राहिले. "तुम्ही? जीवनभाई, तुम्ही तर अंड्याला शिवत नाही."

जीवनभाऊंना आयुष्यात खोटं बोलायचा सराव नव्हता. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि जे पहिलं तोंडात आलं ते बोलून गेले.

"माझ्यासाठी नाही. कमळला आवडतात."

बोलल्यावर काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. विनिताच्या हातातली ओढणी खाली आली. कमळच्या दहाव्याला ती घाटावर आली होती. शेठही आले होते.

उदबत्तीची राख शेठच्या बोटावर पडली तरी त्यांनी ती झटकली नाही. मग ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "बसा. बसा जीवनभाई. विनिताबेन, पाणी द्या त्यांना."

"तसं नाही शेठ, मला म्हणायचं होतं..."

"काही म्हणू नका. होतं असं. माझ्या बापुजींना पण व्हायचं."

खरं सांगावं तर शेठ बाजारात जाणार. जीवनभाऊंनी पाणी पिऊन टाकलं.

दुपारी शेठ त्यांच्या शेजारी गादीच्या कडेवर टेकले. इतक्या वर्षांत ते असे कधी बसले नव्हते. "उद्यापासून तुम्ही गोडाऊनला जा. रागाने नाही सांगत. इथे धावपळ असते, लोक त्रास देतात. तिथे शांत बसा, आराम करा. पगार आहे तोच. फ्रिज पण तिकडेच पाठवतो. हा वास काही जायचा नाही."

रागाने सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं जीवनभाऊंना वाटून गेलं.

गोडाऊनमध्ये खोक्या-खोक्यावर ‘सांभाळून हाताळा’ असं छापलेलं होतं. हाताळायला तिथे कोणीच नव्हतं. जीवनभाऊ खुर्चीत बसायचे, उठायचे, पुन्हा बसायचे. मग त्यांनी फ्रिज धुवायला घेतला. सोड्याच्या पाण्याने धुतला, लिंबाने घासला, ट्रे बाहेर उन्हात ठेवले, आत कोळसे ठेवून बघितले. रोज सकाळी ते नाक आत घालायचे आणि पुन्हा बादली भरायचे. ज्या दिवशी वास गेल्यासारखा वाटला, त्या दिवशी त्यांनी शेठचा बॅटरीचा दिवा काढून कपाटात ठेवला आणि फ्रिजची वायर भिंतीतल्या प्लगला लावली. फ्रिज जरासा थरथरला आणि घुमू लागला. गोडाऊनमध्ये आवाज झाला, एवढ्यानेही त्यांना बरं वाटलं.

विनिता जेवणाच्या सुट्टीत एकदा डोकावून गेली. म्हणाली, "भाऊ, डोक्याने ठीक आहात ना? खरं सांगा, कोणाला सांगत नाही."

"ठीक आहे ग."

"मग असं का बोललात त्या दिवशी?"

जीवनभाऊ नुसते हसले. त्या हसण्याने विनिताची काळजी वाढली की कमी झाली, कोण जाणे.

आठवडा उलटून गेला असेल. दुपारी गोडाऊनच्या दारात सावली पडली. नीराबाई उभी होती. डोक्यावर टोपली नव्हती, लुगडं धुतलेलं होतं, केसांत अबोलीचा तुकडा. तिने चपला बाहेर काढल्या.

"भावा, हतंच हायस काय? मी दुकानान शोधला तुला."

"या, या. बसा."

"बसाला नाय आले, भांडाला आले." ती खोक्याला टेकून बसलीच. "तू कशाला खोटा बोललास? म्हावरा माजा व्हता."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्या गल्ल्यावरचे बायने. मी पिशवी मागाला गेले त माजेकरं बघतच रायली. मंग सगला सांगतला." नीराबाईने पदराने गळ्याचा घाम पुसला. "त्या दिशी काय झाला, बाजारान सांगावा आला का माजे कल्पिताला हास्पिटलान न्हेली, दिस भरलं व्हतं. घरासाठी ठेवलेलं बोंबील हातान. तथं बालंतिनींचे खोलीन म्हावरा कोन न्हेऊ देल? मना वाटला, तुमचे फ्रिजान घटकाभर ठेवू, येताना न्हेऊ. पन पोरीला तथशी पनवेलला न्हेली. मी हाय तशी गारीन बसले. बोंबलांची कोनाला सुद!"

"मुलगी कशी आहे?"

"दोगी बऱ्या हान. नात झाली मना." तिने कनवटीची पुडी सोडून एक पेढा त्यांच्या हातावर ठेवला. दबून चपटा झाला होता. "मना काय ठाव तो फ्रिज बंद हाय! आत दिवा लागं ना. दिवा लागतंय त थंड पन असंल, असाच वाटला."

जीवनभाऊंनी पेढा तोंडात टाकला.

"शेटला पन सांगून आले," ती म्हणाली. "म्हटला, मीच ती. काय बोलाचा ता बोल."

"मग? काय म्हणाले?"

"इचारला, पोरगी का पोरगा. पेढा घेतलान. आन् तुला सांगाला सांगतलाय का उद्यापासना दुकानान ये. पन वस्तूंपुढं दोरी बांधनार हाय तो. कोनी हात लावाचा नाय."

"दोरी," जीवनभाऊ म्हणाले.

"बांधू दे." नीराबाईचं लक्ष आता कोपऱ्याकडे गेलं होतं. खोक्यांच्या मधे लाल फ्रिज घुमत होता. "ह्योच ना तो? माजेमुलं बिचाऱ्याला हतं कोंडला." ती उठली आणि फ्रिजसमोर जाऊन उभी राहिली. हात पदराला पुसले. मग मागे वळून तिने विचारलं, "उघरू काय?"

"उघडा की."

सवयीने जीवनभाऊ खुर्चीवरून उठले आणि भिंतीकडे तोंड करून खोक्यांवरची धूळ झटकू लागले.

"भावा, तू नेमीच पाठ का फिरवतंस रं?" नीराबाई मागून म्हणाली. "मी काय चोरून नेतंय? इकरं बघ."

जीवनभाऊंचा हात खोक्यावरच थांबला. मग ते वळले.

नीराबाईने दार उघडलं. आत दिवा लागला. थंड वाफ बाहेर आली आणि तिने आपली मासळीने चिरलेली बोटं वरच्या कप्प्यावर पसरून ठेवली. तिने डोळे मिटले. कपाळावरच्या आठ्या एकेक करून सैल झाल्या, ओठ थोडेसे उघडे राहिले, आणि ती म्हातारी बाई क्षणभर जत्रेतल्या पोरीसारखी दिसली.

"गार हाय," ती पुटपुटली.

जीवनभाऊ बघत होते. इतकी वर्षं हे आपल्या पाठीमागे होत होतं, असं त्यांच्या मनात आलं. दार मिटण्याचा आवाज त्यांनी किती वेळा ऐकला होता! कमळ रोज संध्याकाळी दार उघडायची, तेव्हा तिचं तोंड कसं दिसायचं, हे मात्र त्यांना आठवेना. आठवण्यासारखं काही त्यांच्यापाशी नव्हतंच.

नीराबाईने दार सोडलं. ते आपोआप, मऊ आवाज करून मिटलं.

"बस झाला," ती म्हणाली. "जातंय मी. पोर वाट बघतंय."

"नीराबाई," जीवनभाऊ म्हणाले, "घाई नसेल तर... अजून एकदा उघडता का?"

ती त्यांच्याकडे बघून हसली. तिने हात पुन्हा पदराला पुसले.