पाकिटातलं उत्तर

तिने लिहिलेला तिसरा प्रश्नही पोलीस अधिकाऱ्याने खोडला.

“लग्नाची तारीख कुणीही नातेवाईक सांगेल, मॅडम. फक्त साहेबांनाच ठाऊक असेल असं विचारा. उत्तर आधी लिहून पाकिटात घाला. जुळलं, तर साहेब जिवंत आहेत आणि फोन करणाऱ्यांच्याच ताब्यात आहेत. नाही जुळलं, तर खंडणीची बोलणी बंद.”

बोलणी बंद झाल्यावर पळवणारे काय करतील, हे न विचारता तिने नवा कागद ओढला.

तिच्या नवऱ्याला पळवून आज पाचवा दिवस होता. जेवणाच्या टेबलावर पोलिसांचं रेकॉर्डिंगचं यंत्र होतं. शेजारी धाकटा दीर बसला होता. कारखान्याची खरेदी तोच पाहायचा आणि भाव पाडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

“पहिल्या आकड्याला कुणी हो म्हणतं का, वहिनी? आठवडाभर ताणू. दादा काही लेचापेचा नाही, तग धरेल.”

त्याचं खोटं नव्हतं. तिचा नवरा हट्टाला पेटला की ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकायचा नाही. आणि त्यावरूनच तिला प्रश्न सुचला.

लग्नाआधी दोघं एकदा वाचनालयात चोरून भेटले होते. तेव्हा त्याने तिच्या पुस्तकावर पेला सांडला. ती म्हणे, संत्र्याचा रस. तो म्हणे, पाणी. एकतीस वर्षं हे भांडण दार लावून चाललं होतं, कारण त्या भेटीचा घरात कुणाला पत्ता नव्हता.

“पाण्याला मुंग्या लागतात का हो?” ती विचारायची.

“का? मुंग्यांना तहान लागत नाही?” तो म्हणायचा.

तिने प्रश्न लिहून दिला. उत्तराच्या कागदावर मात्र पेन अडखळलं. मग ‘पाणी’ असं लिहून तिने पाकीट चिकटवलं. इथे त्याच्या जिवाशी गाठ होती, आपलंच घोडं पुढे दामटण्याची ही वेळ नव्हती.

फोन वाजला. दिराने प्रश्न वाचून दाखवला. विचारून सांगतो, म्हणत पलीकडच्याने फोन ठेवला. पुन्हा वाजायला वीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात तिने एकच पेला तीनदा धुतला.

“संत्र्याचा रस म्हणतोय,” यंत्राच्या स्पीकरवरचा आवाज वैतागला होता. “मुंग्या लागल्या होत्या म्हणे.”

अधिकाऱ्याने पाकीट फाडलं, वाचलं आणि दिराला हातानेच खूण केली. ठेवा फोन.

“थांबा!” ती धावतच टेबलापाशी आली. “तेच आहेत. माझं उत्तर चुकलं.”

अधिकाऱ्याने घाईने रिसीव्हर हाताने झाकला. “चुकलं म्हणजे?”

“ते जन्मभर पाणी म्हणत आले, म्हणून मी पाणी लिहिलं. रस मी म्हणायचे. मुंग्या आम्हा दोघांनाच माहीत आहेत.”

अधिकाऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. दिराच्या जिवात जीव आला.

“म्हणजे दादा ठणठणीत आहे! आता बघाच, कसा भाव पाडतो.”

तो जिवंत होता. तिला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. तिने दिराच्या पुढ्यातला रिसीव्हर ओढून घेतला.

“नको, भावजी. मागतात तेवढं द्या. आजच द्या.”

“अहो, पण तग धरेल तो!”

“एकतीस वर्षांत त्यांनी रस म्हटलं नव्हतं,” ती म्हणाली. “आज म्हणाले.”