लोधिवलीचा पोकर

धाकलू रसायनीच्या कारखान्यात लागला आणि वर्षभरात दोन गोष्टी शिकला, रोज दाढी करणं आणि पोकर खेळणं. पोकर त्याला शिकवला बोटीवर नोकरी करून आलेल्या एका फिटरानं. हातात पाच पानं, नको असतील ती एकदा बदलून घ्यायची आणि पैज वाढवत समोरच्याला पळवायचं. पळवण्यात धाकलू भलताच पटाईत. हातात फुटकं पान नसलं तरी कँटीनमधले भले भले त्याच्या भुवया बघून पत्ते टाकून द्यायचे.

म्हणून तर गौरी-गणपती उरकल्यावर तो लोधिवलीला बायकोला न्यायला आला आणि सासूबाई, गोदूबाई, म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे चिमीला नवरात्रापत्तोर," तेव्हा त्यानं पोकर काढला. जो जिंकेल त्याचं म्हणणं खरं. चिमाला उद्या घेऊन जायचंच, असा त्याचा हट्ट होता. "कँटीनची डाळ म्हंजे नुसतं पानी हाय, मामी," एवढंच त्यानं कारण सांगितलं. दुसरंही एक कारण होतं, पण ते सासूपुढे बोलायला त्याची जीभ रेटेना.

दुपारी ओटीवर डाव मांडला. सासरे चांगोमामा, गोदूबाई, चिमा आणि धाकलू. पैशांच्या जागी चिंचोके. पहिल्याच डावात धाकलूनं हातात काही नसताना दहा चिंचोके ढकलले आणि भुवया चढवल्या. मामांनी निवांत दहा ठेवले. मामींनी ठेवले. चिमानंही ठेवले.

"मामी, पत्ते टाकून दिले तरी चालतात," धाकलू म्हणाला.

"टाकायचे कशाला, जावयबापू? वाढलेलं टाकू नये."

या घरात ताटात शीत टाकत नसत, तिथं हातातलं पान कुठलं टाकणार! मामांनी दोन दुऱ्यांवर डाव नेला. असं चारदा झालं. कुणी एक चिंचोका वाढवला नाही की कुणी पळालं नाही. धाकलूच्या भुवया दुखायला लागल्या.

मग त्याला फिटराचा सल्ला आठवला. अशा भिडूंना घाबरवायला जाऊ नये. गप्प बसावं, स्वस्तात पान लागायची वाट बघावी, आणि लागलं की मोठं मागावं. ते देतातच. धाकलूनं तसंच केलं आणि त्याचा ढीग परत वाढला. शेवटी त्याच्या हातात चार बदाम आले, राजासकट. पाचवं पान बदललं, तर तोही बदाम! पाचही पानं एका रंगाची म्हणजे पोकरात भलताच मोठा हात. त्यानं वीस चिंचोके ढकलले. मामा-मामींनी उरलेसुरले सगळे ठेवले.

"वीस," चिमा म्हणाली, "आनि हे समदे वर."

फिटरानं हेही सांगितलं होतं, की नेहमी समोरच्याएवढंच ठेवणारा पैज वाढवायला लागला तर मुकाट पत्ते टाकून उठावं. शिवाय चिमानंही एकच पान बदललं होतं, ते त्यानं बघितलं होतं. पण राजासकट पाच बदाम टाकून उठायचं, तेही सासरी? त्यानं होते नव्हते तेवढे चिंचोके ठेवले. चिमानं पानं उलटली. पाच किलवर, आणि त्यात राजाच्या वरचढ एक्का.

"म्हंजे आता म्हननं माजं," चिमा म्हणाली.

सासू-जावई एकमेकांकडे बघत राहिले. चिमाचं म्हणणं काय, हे सकाळपासून कुणी विचारलंच नव्हतं. धाकलू मनातून ओशाळला.

"पन आदी तुमी सांगा," ती त्याच्याकडे वळली. "मला डाळीसाटी नेताय?"

धाकलूनं भुवया चढवून बघितल्या. चिमा हलली नाही. शेवटी तो खाली बघत म्हणाला, "डाळीचं काय नाय गं. खोलीवर तुज्याबिगर करमत नाय."

चांगोमामा घाईघाईनं तंबाखू शोधायला आत गेले.

"मंग हे पयलंच बोलायचं," गोदूबाई पदरानं तोंड झाकत म्हणाल्या. "मी काय नाय म्हनली असती?"

चिमानं सगळे चिंचोके ओच्यात भरले.

"उद्या सकाळच्या येष्टीनं निगू," ती म्हणाली. "आनि हे संगती घेते. तितं रोज एक डाव, डाळ कुनी करायची ते ठरवायला."