मुखरूभाऊंनी दिलेला रंग

मित्रांनो, मी लष्करातला एक जुना ट्रेलर आहे. दोन चाकं, लोखंडी हौदा, पुढे दांडा आणि दांड्याच्या टोकाला जाड, गोल फिरणारी कडी. मला इंजिन नाही. कुणी ओढलं तरच मी चालतो, आणि सध्या मला कुणी ओढत नाही. एका तपासणी नाक्यामागच्या आवारात, जप्त केलेल्या मोटारसायकलींशेजारी मी उभा आहे. माझ्या उजव्या चाकातली हवा पार गेली आहे.

साठ वर्षांपूर्वी मी कारखान्यातून निघालो तेव्हा माझा रंग गडद हिरवा होता. डोंगरातल्या चौक्यांवर मी पीठ वाहिलं, तंबू वाहिले, एकदा थंडीने गारठलेले जवानही वाहिले. पुढे नवे ट्रेलर आले आणि मी लिलावात निघालो. एटापल्लीकडच्या एका ठेकेदाराने मला निळा रंग फासला आणि जंगलातून बांबू आणायला जुंपलं. तो वारल्यावर हात बदलत बदलत मी नागभीडजवळच्या एका टोलीवर, म्हणजे छोट्या वस्तीवर, पोचू नावाच्या धान उत्पादकाकडे पोचलो. त्याने माझ्यातून शेणखत नेलं. मग माझ्या चाकावरचा एक स्प्रिंगचा पाटा तुटला आणि त्याने मला मोहाच्या झाडाखाली सोडून दिलं. हौद्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या.

मुखरूभाऊ त्याच टोलीवरचे. बावीस वर्षं फौजेत गाड्यांचे मिस्त्री होते. एकदा ते पोचूकडे सहज आले आणि माझी कडी पाहून थबकले. गुडघ्यावर बसून त्यांनी दांड्यावरून अंगठा फिरवला.

"पोचू, हे ट्रॉली नाई बाप्पा. फौजेचा ट्रेलर आहे हा. असे किती ट्रेलर सुधरवले मी!"

"असन," पोचू म्हणाला. "मले तं कोंबड्यायचं खुराडं आहे. घेऊन जा."

मुखरूभाऊंनी रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन मला खरवडायला सुरुवात केली. निळ्याखाली अस्तराचे लाल आणि राखाडी थर, आणि अगदी तळाशी माझा हिरवा. दांड्याजवळ एक पितळी पट्टी निघाली. तिच्यावरचा नंबर त्यांनी एकेक आकडा बोट ठेवून मोठ्याने वाचला. इतक्या वर्षांत माझा नंबर कुणी वाचला नव्हता. त्यांनी पाटा बदलला, ब्रेक जमवले, चाकांत ग्रीस भरलं.

टोलीवरच्या हातपंपाचं पाणी लाल येई. उन्हाळ्यात बायका दोन किलोमीटरवरच्या नदीतून डोक्यावर गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, भरून आणत. मुखरूभाऊंनी माझ्यावर टाकी बसवली, तिला नळ लावला. पोचूचा ट्रॅक्टर मला ओढू लागला. सगळा एप्रिल मी पाणी वाहिलं. मित्रांनो, तंबू आणि बांबू वाहताना मला कुणी शाबासकी दिली नव्हती. इथे बायका माझी वाट पाहत.

फक्त रंग राहिला होता.

"निळाच मारा नं," मुखरूभाऊंच्या पत्नी केसरबाई म्हणाल्या. "लोकायच्या वळखीचा आहे."

"निळा त्या ठेकेदाराचा होय, केसर. याचा रंग याले भेटला पायजे."

"याले रंग कायले पायजे? आमाले पाणी पायजे."

मुखरूभाऊ हसले, आणि त्यांनी मला हिरवा रंग दिला. चार दिवस मन लावून दिला. महाराष्ट्र दिनाला झेंडावंदनाच्या मैदानावर मला लोकांना दाखवायचं त्यांनी ठरवलं. टाकी उतरवली, पट्टी चकचकीत पुसली. पोचूच्या ट्रॅक्टरला जोडून मला नेताना रस्त्यावर तपासणी नाका लागला.

"हा लष्कराचा रंग आहे," नाक्यावरचे साहेब म्हणाले. "लष्कराबाहेरच्या गाडीला चालत नाही. तुम्ही तर फौजेत होतात. माहीत नव्हतं?"

मुखरूभाऊ ट्रॅक्टरवरून खाली उतरले. "मालूम होतं, साहेब. पाणी वाहणाऱ्या ट्रेलरले कोन विचारते, असं वाटलं."

"कागद?"

कागद नव्हते. ठेकेदाराबरोबर तेही गेले होते.

"पट्टीवर नंबर आहे. तो लष्कराकडून तपासून घ्यावा लागेल."

"इथीच खरवडतो, साहेब. निळा मारतो."

"आता हात लावायचा नाही. जप्तीचा माल आहे."

पत्र गेलं. उत्तर आलं नाही. मुखरूभाऊ दर सोमवारी बसने येत. माझ्या आसाखाली विटा लावू द्या, टायर सडतील, असं विनवत. परवानगी मिळत नसे. मग तारेपलीकडे उभे राहून माझ्याकडे बघत आणि शेवटच्या बसने परत जात.

मे महिन्यात बायका पुन्हा डोक्यावर गुंड घेऊन नदीवर जाऊ लागल्या. नदीच्या चढावर केसरबाईंचा पाय घसरला. कमरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्या आता काठीशिवाय उभ्या राहत नाहीत. त्यानंतर मुखरूभाऊ आले नाहीत.

परवा पोचू आला होता, पत्राचं विचारायला. हे सगळं त्याच्याच तोंडून कळलं. शिपायाने मुखरूभाऊंची चौकशी केली.

"औजारायले हातच नाई लावत तो," पोचू म्हणाला. "लोकं मोटारपंप घेऊन येतेत, तं वापस पाठवते. केसरबाईनं एका शब्दानं दोष नाई देला त्याले. तेच सहन होऊन नाई राह्यलं."

मित्रांनो, माझ्यावर त्यांच्याइतका जीव कुणीच लावला नाही. आणि त्या जिवापायीच एका टोलीचं पाणी तुटलं, एका बाईचं चालणं गेलं. जुनी वस्तू सापडली तर तिची धूळ जरूर पुसा, तिचा नंबर वाचा. पण ती आज कुणाच्या कामी येते आहे, ते आधी बघा. माझं आता काही होणार नाही. गंज आसापर्यंत पोचला आहे.

पण त्या टोलीकडे कधी गेलात, तर काहीतरी बिघडलेलं मुखरूभाऊंकडे घेऊन जा. साधी सायकल चालेल. ते नाही म्हणतील. तरी ठेवून या.