पाण्याचा कुकर

जोगेश्वरीच्या त्या बैठ्या चाळीत एका घरातलं दुसऱ्या घरात ऐकू येई. त्यामुळे शेजारच्या श्रुतिकाचा कुकर रोज दुपारी शिट्ट्या मारतो, हे जानकीकाकींना कळण्यात विशेष काही नव्हतं. विशेष हे, की शिट्ट्या व्हायच्या आणि भाताचा वास काही यायचा नाही. काकींचे गुडघे गेले होते, दात गेले होते, पण नाक शाबूत होतं.

श्रुतिकाचा नवरा देवेश ज्या कारखान्यात पॅकिंगला होता तो दिवाळीनंतर बंद पडला. तेव्हापासून तो सकाळीच काम शोधायला बाहेर पडे. कधी रोजंदारी मिळे, कधी नाही. रेशनचा तांदूळ महिनाअखेरीपर्यंत पुरत नसे. त्यांच्या लहानग्या दिशाला शाळेत खिचडी तरी मिळायची. आता मे महिन्याची सुट्टी लागली आणि तीही थांबली.

म्हणजे श्रुतिका कुकरात नुसतं पाणी घालून शिट्ट्या काढत होती. शेजारपाजाऱ्यांना वाटावं, या घरात रोजच्यासारखा स्वयंपाक होतोय.

हे लक्षात आलं तेव्हा काकींना तिची कीव आली नाही. उलट ऊर भरून आला. गिरणीच्या संपात त्यांचे यजमान सीताराम घरी बसले होते, तेव्हा त्याही थेंबभर तेलात मोहरी तडतडवायच्या. भाजी नसायचीच. फोडणीचा वास चाळभर पसरला की ताठ मानेने नळावर जायच्या. 'पोरगी माझ्याच वळणाची आहे,' त्या मनाशी म्हणाल्या. पण त्या पोरीच्या घरात एक लेकरू होतं, आणि लेकराचं पोट शिट्टीने भरत नाही.

काकींनी घावणे केले आणि ताटलीवर फडकं टाकून शेजारी गेल्या.

"नको काकी, आज आमचा उपास," श्रुतिका दारातच म्हणाली.

"बुधवारी? कुठल्या देवाचा गो?"

"नवीन धरलाय."

तिच्या पाठीमागून दिशा त्या ताटलीकडे बघत होती. दार हलकेच लागलं.

काकी परत आल्या. चूक आपलीच, हे त्यांना कळलं. संपात कुणीसं असंच झाकलेलं ताट घेऊन आलं होतं, ते त्यांनी तरी कुठे घेतलं होतं?

दुसऱ्या दिवशी त्या पातेल्यात तांदूळ आणि डाळ घेऊन गेल्या.

"श्रुतिका, माझा सिलिंडर संपलो बघ. एवढं तुझ्या कुकरात लाव. अंदाज चुकला, जरा जास्तच घेतले गेलेत. उरलं तर तुमीच संपवा."

श्रुतिकाने पातेल्यात पाहिलं. चार माणसं पोटभर जेवतील एवढे तांदूळ होते.

"काकी, सिलिंडर?"

"होय तर."

"अहो, आपल्या अख्ख्या चाळीला पाइपचा गॅस येऊन दोन वर्षं झाली. तुमचं बिलसुद्धा मीच वाचून दाखवते ना!"

काकींनी उसळून विचारलं, "आणि तुझो बुधवारचो देव?"

"तो तरी कुठे खरा होता!"

दोघी हसल्या. हसता हसता श्रुतिका भिंतीला टेकून खाली बसली आणि तिचं हसू मावळलं.

"कधीपासून कळलं तुम्हाला?"

"माझ्या नाकाक विचार." मग काकी तिच्याशेजारी बसल्या आणि त्यांनी मोहरीची गोष्ट सांगितली.

"नुसती मोहरी?"

"नुसती. तुझी शिट्टी बरी, लांबवर जाता. आमच्याकडे तेव्हा कुकर खंय होतो?"

श्रुतिकाने पदराने तोंड पुसलं. "काकी, पण मी फुकट नाही खाणार. आधीच सांगते."

"मी खंय फुकट देतंय? माझ्याच्याने आता ओट्याशी उभं राहवत नाही. माझो लेक हर्षद वाशीहून सामान आणून टाकता, पण शिजवूचा कोणी? सामान माझं, हात तुझे. दोन्ही वेळचं."

"आणि देवेशला काम लागल्यावर?"

"मग सामानही तुझं. मी नुसती जेवूक येईन."

"भारी हिशेब आहे यार काकी तुमचा!" म्हणत श्रुतिका उठली. तिने तांदूळ धुतले, डाळीत हळद टाकली.

थोड्याच वेळात भाताचा वास दोन्ही घरांत दरवळला. दिशा पाट मांडून केव्हाची बसली होती. श्रुतिकाने देवेशचा भात आधी काढून झाकून ठेवला, मग काकींना वाढलं, मग लेकीला, आणि शेवटी स्वतःला एवढासा घेतला. काकींनी ते पाहिलं. मान खाली घालून जेवत राहिल्या.

पानातलं संपलं तशी श्रुतिका क्षणभर थांबली. मग तिने पातेलं पुढे ओढलं आणि कुणालाही न विचारता चांगला डावभर भात पानात घेतला.