निरोगी माणसाचं रक्त

रक्त दिलं ते मी हौसेनं. आजारी मी नव्हतेच, आजारी आमचे हे, महिपत. काळीज मोठं झालेलं, चार पावलं चालले की धाप लागायची, म्हणून घरात बसून. रत्नागिरीच्या बाजारात मासे विकून घर मी चालवायची. माझ्यामागे ह्यांना पाणी द्यायलासुद्धा कोण नाही.

सत्त्याऐंशी साली ह्यांना दाखवायचो त्या हॉस्पिटलात मुंबईची एक डॉक्टरीण आली, विमलाबाई. म्हणाली, "काळजातून एक रस रक्तात सुटतो. काळीज थकलं की तो वाढतो. आता तो मोजायची नवी तपासणी निघालीय." ह्यांचं रक्त घेतलं आणि माझ्याकडे वळली. "मावशी, तुलनेला एक धडधाकट माणूस पाहिजे. तुम्ही द्याल?"

"घे की! मला काय धाड भरलीय?"

तिनं माझ्या पायांवर बोट दाबलं. सूज आहे म्हणाली. मला हसूच आलं. "अगो बाय माझे, दिवसभर ओल्या फरशीवर बसून पाय सुजायचेच. बाजारात चल नि एकीचे तरी बारीक दाखव." तिलाही ते पटलं. मग मला निजवून रक्त काढलं, नळ्या बर्फात घातल्या आणि एसटीनं मुंबईला धाडल्या. पापलेटाचे एवढे लाड आम्ही कधी केले नाहीत.

निकाल घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला. "मावशी, ह्यांचा आकडा वाढलाय. पण तुमचा त्याच्या दुप्पट आहे."

मला आधी कळेच ना. कळलं तशी तळपायाची आग मस्तकाला गेली. "नळ्या बदलल्यात तुम्ही! एवढ्या शिकल्यात नि दोन नळ्या सांभाळता येत नाहीत?"

"मलाही तसंच वाटतंय," ती म्हणाली. "पुन्हा घेऊ."

लिलावात घेतलेल्या टोपलीला आम्ही बायका आपापली चिंधी बांधतो. हिरवी चिंधी दिसली की माल ह्या गोदूबाईचा, हात लावायची कुणाची टाप नाही. मी पदराची हिरवी किनार टराटरा फाडली आणि माझ्या नळीला स्वतः गाठ मारली. "आता बदलून दाखव!"

ह्या खेपेला विमलाबाई नळ्यांबरोबर स्वतः मुंबईला गेली. परत आली ती सरळ आमच्या घरी. हे खाटेवर, मी दारात मासे साफ करत होते. तिनं माझा हात धरून मला उठवलं.

"चिंधीच्या नळीचाच आकडा मोठा आहे, मावशी. मी समोर उभी होते. सूज फरशीची नाही, काळजाची आहे. आजच भरती व्हा."

हे गेल्यावर मी कसं राहायचं ते सगळं मी ठरवून ठेवलं होतं. उलटं होईल असं मनातसुद्धा आलं नव्हतं. देवा, हे रे काय!

"आणि ह्यांना कोण बघणार?" मी विचारलं.

तेवढ्यात खाटेवरून हुंदका आला. "गोदू, मला साधा चहापण करता येत नाही गो!"

असा संताप आला म्हणून सांगू! "अहो, रडताय काय? मरायला मी टेकलेय, तुम्ही नाही!"

बोलून गेले आणि तिथेच मटकन खाली बसले. आपलं मरण मी पहिल्यांदा आपल्या तोंडून ऐकलं होतं.