कोरड्या नळावरची पाटी

मित्रांनो, मी एक जुना नळ आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही.

वर्धा जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात, नवजात बाळांच्या वॉर्डच्या दाराशी मला बसवलं, तेव्हा मी चकचकीत होतो. आत जाणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडे थांबत असे. मग माझा वायसर झिजला, चावी घट्ट बसून पाणीच बंद झालं. दुरुस्तीचा अर्ज कुठल्याशा फायलीत पडून राहिला. साबण गेला कुलूपबंद कपाटात, कारण म्हणे बाहेर ठेवला की संपतो! माझ्या डोक्यावर मात्र नवी पाटी लागली, 'हात धुवा'. वर्षभर मी त्या पाटीखाली कोरडा उभा होतो.

अशातच कारंज्याकडच्या उज्वलाची मुलगी वॉर्डात आली. वजन कमी होतं, पण दूध ओढत होती. पाचव्या दिवशी ती तापाने फणफणली, दूध सोडलं. रक्तात जंतू निघाले. डॉ. नीरज उज्वलाच्या आईला, कुंताबाईंना म्हणाले, "घरून बाळाच्या नाळेला काही लावून आणलं असेल तुम्ही."

"काही नाई लावलं जी," कुंताबाई म्हणाल्या. "पोरगी इथं आली तवा चांगली होती. मंग काऊन झालं असं?"

उत्तर मला ठाऊक होतं. एका बाळावरून दुसऱ्या बाळाकडे जाणारे न धुतलेले हात मी रोज पाहत होतो. आणि दोष त्या माउलीला!

सरिता सिस्टरला तो प्रश्न स्वस्थ बसू देईना. ती वही घेऊन माझ्या शेजारी बसली. त्या दुपारी वीस वेळा कुणी ना कुणी बाळांना हात लावला. आधी हात धुतले होते फक्त सहा वेळा, तेही लांबच्या मोरीवर जाऊन. संध्याकाळी तिने कुंताबाईंना खरं सांगितलं, "हा आजार बाळाला इथंच लागला, मावशी. चूक तुमची नाही, आमची आहे."

दुसऱ्या दिवशी बबनराव प्लंबर आले. त्यांनी माझा वायसर बदलला, कोपराने ढकलता येईल असा लांब दांडा बसवला. सरिताने साबणाची बाटली शेजारी टांगली आणि हात किती वेळा धुतले याचा दर आठवड्याचा आकडा भिंतीवर लिहायला सुरुवात केली.

तिसऱ्याच दिवशी डॉ. नीरज घाईत थेट पाळण्याकडे गेले. कुंताबाई आडव्या उभ्या राहिल्या.

"तुमी हात नाई धुतले, साहेब. माह्या नातीले हात नका लावू."

"तुम्ही मला शिकवणार?"

"त्या बरोबर बोलतायत, सर," सरिता शांतपणे म्हणाली. "वहीत तुमच्या नावापुढे चार वेळा 'नाही' आहे."

डॉक्टर माझ्याकडे आले. नखं, बोटांच्या फटी, मनगटं, सगळं चोळून धुतलं. नंतर कुंताबाईंसमोर जाऊन म्हणाले, "त्या दिवशी मी तुम्हाला दोष दिला. ते चुकलं माझं."

दोन आठवड्यांनी उज्वलाची मुलगी बरी होऊन घरी गेली. आधीच्या तीन महिन्यांत वॉर्डात नऊ बाळांना संसर्ग झाला होता, पुढच्या तीन महिन्यांत दोघांना. सगळे सरिताचं कौतुक करतात. मला मात्र ती दोन बाळं आठवतात, आणि एका वायसरसाठी वाया गेलेलं ते वर्ष.

मित्रांनो, दवाखान्यात कुणाला भेटायला गेलात तर आधी नळ शोधा. तो कोरडा दिसला तर गप्प बसू नका, विचारा. मोठ्या माणसाला विचारायचा संकोच वाटेल. पण पाळण्यातल्या बाळाला विचारताच येत नाही.