तोंडावर धरलेला रुमाल

मी एक जुना सुती रुमाल आहे. मित्रांनो, माझ्या एका कोपऱ्यावर तपकिरी डाग आहे. तो कितीही धुतला तरी गेला नाही. आज त्या डागाचीच हकिकत सांगतो. सांगताना लाज वाटते, पण सांगायला हवी.

घमापूर मोहल्ल्यातल्या एका शिंप्याकडे उरलेल्या पांढऱ्या कापडातून माझा जन्म झाला. विनीताबाईंनी मला घरी आणून माझ्या कडा निळ्या दोऱ्यानं शिवल्या. त्या सदर नावाच्या वस्तीतल्या एका शाळेत लहान मुलांना शिकवतात. त्यांच्याबरोबर मीही नोकरीला लागलो. खडूची धूळ पुसली, रडक्या पोरांची नाकं पुसली. सोमवारी प्रार्थनेनंतर बाई मुलांची नखं आणि दात तपासत, तेव्हा मी त्यांच्या हातात असे. रुमाल कसा असावा ते मॅडमकडून शिका, असं मुख्याध्यापिका सगळ्यांना सांगत. तो माझा सुखाचा काळ होता.

मग दात घासताना बाईंच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. त्यांना वाटलं, ब्रशच लागतोय. म्हणून त्यांनी हिरड्यांजवळ ब्रश नेणंच सोडलं. रात्री तर दमलेल्या असत, तशाच झोपत. फार ठणकलं की दाढेत लवंग धरत. हिरड्या सुजत गेल्या, तोंडाला वास येऊ लागला.

एकदा वही तपासायला त्या पहिल्या बाकावरच्या मुलीजवळ वाकल्या. मुलीनं तोंड फिरवलं आणि श्वास रोखून धरला. बाई चटकन सरळ झाल्या, कानापर्यंत लाल झाल्या. त्या दिवसापासून त्या बोलताना मला तोंडावर धरू लागल्या. कोणी विचारलंच तर खोकला आहे, खडूचा त्रास होतो, असं सांगत. पुढे मला रक्त लागू लागलं. मला गुपचूप धुऊन त्या गादीखाली वाळत ठेवत. पूर्वी मी अंगणातल्या दोरीवर उन्हात डोलत असे.

बाई वाळत चालल्या होत्या, थोडं काम केलं की थकत होत्या. अशातच एका सकाळी चादर बदलताना मी त्यांच्या मुलीच्या, प्रणोतीच्या हाती लागलो. खोकला, अशक्तपणा आणि आता रक्त! तिनं घाबरून वडिलांना दाखवलं. शशिकांतराव संरक्षण खात्याच्या कारखान्यात नोकरीला. त्यांनी रजा टाकली आणि बाईंना छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. बाईंनी तिथंही खरं सांगितलं नाही. एक्स-रे निघाला, छाती साफ होती. मग रक्त येतं कुठून, म्हणून डॉक्टरांनी आणखी तपासण्या लिहून दिल्या. शशिकांतरावांचं जेवणावरून मन उडालं. प्रणोतीची नागपूरच्या कॉलेजात प्रवेशाची मुलाखत होती. तिनं ठरवलं, जायचंच नाही.

ती बॅग रिकामी करताना दिसली तेव्हा मात्र बाईंना राहवलं नाही. त्या पलंगावर बसल्या. मी त्यांच्या मुठीत चुरगळलो होतो.

"तू जा नागपूरला. ते रक्त छातीतलं नाही. हिरड्यांतून येते."

प्रणोती आईशेजारी येऊन बसली. "मग सांगितलं काहून नाही, आई? बाबा किती टेन्शन घेऊन राहिले."

"काय सांगू? रोज दुसऱ्यांच्या पोरांचे दात पाहते मी. माझ्याच तोंडाची लाज वाटत होती."

प्रणोती रागावली नाही. तिनं आईची मूठ सोडवून मला बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "अच्छा, चलो. दाखव मला."

बाईंनी कितीतरी दिवसांनी कुणासमोर तोंड उघडलं.

त्याच संध्याकाळी तिघं दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी हिरड्या तपासल्या आणि आधी साखर तपासून यायला सांगितलं. साखर फारच वाढलेली निघाली. अंग त्यामुळेच खंगत होतं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या पिकल्या की साखर आवरणं कठीण जातं.

"दीदी, मुँह शरीर से अलग थोड़े ही है," त्या म्हणाल्या.

बाईंचे दोन दात हलत होते, ते काढावेच लागले. बाकीचे साफ केले. साखरेची औषधं सुरू झाली, मऊ ब्रश आला, रात्रीचं दात घासणं आलं. हळूहळू रक्त थांबलं, साखरही उतरू लागली. प्रणोती नागपूरला जाऊन मुलाखत देऊन आली.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडून आम्ही ऑटोतून परतत होतो. घर जवळ आल्यावर शशिकांतराव हळूच म्हणाले, "विनीता, माझ्याही हिरड्यांतून येते रक्त. मला वाटे, या वयात येतच असंल. माझाही नंबर लावून ठेव."

मित्रांनो, तुम्हाला दात घासायला सांगणारी मोठी माणसं स्वतःच्या तोंडाकडे बघायला विसरतात. दुखलं तरी लाजेनं बोलत नाहीत. तुमच्या घरात कुणी हसताना तोंडावर हात किंवा माझ्यासारखा रुमाल धरत असेल, तर त्यांना चिडवू नका, नाक मुरडू नका. जवळ बसा, तो हात हळूच खाली घ्या आणि विचारा, कुठे दुखतंय?